गाणारे पुष्कळ, गाऊन घेणारे किती?

गोव्यात गाणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. देवळातलं भजनी मंडळ, चर्चचं कॉयर म्हणजे गायकवृंद, शाळेतलं समूहगीत, चवथीच्या आरत्या, मांडो या कोंकणी गीतांचे महोत्सव, सगळीकडे माणसं गात असतात आणि चांगली गातात. वानवा आहे ती त्यांच्याकडून गाऊन घेणाऱ्यांची. समोर बसलेल्या चाळीस गळ्यांमधून एक आवाज काढणं ही स्वतंत्र विद्या आहे. ती शिकावी लागते, आणि ती रीतसर शिकवणाऱ्या जागा आपल्याकडे फारच थोड्या आहेत. म्हणून माझी मागणी सरळ आहे. राज्याने दर मे महिन्यात समूहगायनाची दहा दिवसांची एक मोठी कार्यशाळा भरवावी, ती गायकांइतकीच संचालकांसाठी, म्हणजे गाऊन घेणाऱ्यांसाठी असावी, आणि भजनाचे बुवा, कॉयरचे मेस्त (संगीताचे मास्तर) व शाळेतले संगीत शिक्षक यांना तिथे एकाच खोलीत बसवावं.

कार्यशाळाच का, असं कुणी विचारेल. सतार शिकणारी मुलगी पहाटे उठून एकटी रियाज करू शकते. व्हायोलिन शिकणारा दार लावून सोल्फेज म्हणजे स्वरवाचन घोटू शकतो. समूहसंचालकाचं वाद्य मात्र जिवंत माणसांचं असतं. ती समोर नसतील तर त्याचा रियाजच होत नाही. आरशापुढे उभं राहून हाताचे आकार पाठ करता येतात, पण त्या हातामुळे आवाज सुधारला की बिघडला हे आरसा सांगत नाही. घरच्या मंडळावर शिकावं म्हटलं तर तिथे सप्ताह तोंडावर आलेला असतो, चर्चचं फेस्त आठ दिवसांवर असतं किंवा स्नेहसंमेलनाची तारीख ठरलेली असते. तिथे चुकायला वाव नसतो. उन्हाळी कार्यशाळेत तो वाव मुद्दाम ठेवलेला असतो. तीस-चाळीस गायक ठरवून येतात आणि शिकाऊ संचालकांच्या हाती आपला आवाज देतात. युरोप-अमेरिकेत अशा कार्यशाळा सुट्टीच्या दिवसांत भरतात. सकाळी सगळ्यांनी मिळून आवाज मोकळा करायचा, मग गाणी बसवायची, आणि दुपारी एकेका शिकाऊने पुढे येऊन आपल्या वाट्याची मिनिटं गाणं घ्यायचं. शिकवणारा त्याला तिथल्या तिथे थांबवतो आणि त्याचा हात, नजर, उभं राहणं दुरुस्त करतो.

मी फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात संगीत शिकवते. अशाच एका कार्यशाळेला मी गायिका म्हणून आल्तोच्या, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाच्या, रांगेत बसले आहे, आणि तिथे जे पाहिलं त्यामुळे हे लिहिण्याचं बळ आलं. शिकाऊंमध्ये डिचोलीकडचे एक भजनी बुवा होते. त्यांनी पहिल्यांदा हात खाली आणला तेव्हा आम्ही तीन तुकड्यांत आत शिरलो. कुणी आधी, कुणी नंतर, कुणी शेजारणीचं ऐकून. शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना ताल देणं थांबवायला सांगितलं. हात खाली सोडा, नुसता आमच्याबरोबर श्वास घ्या. बुवांनी खोल श्वास घेतला, छाती वर आली, भुवया किंचित उचलल्या गेल्या, आणि पुढच्या क्षणी सगळ्यांचा पहिला स्वर एकत्र लागला. बुवा स्वतःच चकित झाले. म्हणाले, "गजर उचलताना हे तर मी रोजच करतो." करत होतेच. आपण ते करतो हे ठाऊक नसल्यामुळे त्यांना ते आजवर कुणाला शिकवता आलं नव्हतं.

त्याच दुपारी एकच ओळ पाच जणांनी आमच्याकडून गाऊन घेतली. गाणारे तेच, ओळ तीच, पट्टी तीच. एकाच्या हाताखाली आमचा आवाज घशात अडकत होता, कारण तो स्वतः खांदे आवळून उभा होता. दुसरीने मनगट सैल ठेवलं तशी ओळ लांब झाली आणि मधे श्वास तुटायचा तो तुटेना. समूहाचा आवाज गाणाऱ्यांवर अवलंबून असतो असं आपण धरून चालतो. पुढे उभा राहणारा बदलला की तो किती बदलतो हे रांगेत बसून अनुभवल्याशिवाय पटत नाही.

मग 'ई' चा पाठ झाला. 'पंढरी' सारख्या शब्दाच्या शेवटी प्रत्येकाचं तोंड वेगळं फाकतं. एकाची 'ई' ओठ ताणून पातळ येते, दुसऱ्याची जवळजवळ 'ए' होते. स्वर सगळ्यांचा बरोबर असतो, तरी ऐकणाऱ्याला बेसूर वाटतं. ओठ थोडे गोल ठेवून सगळ्यांनी एकच 'ई' म्हटली की तोच स्वर एकदम स्वच्छ होतो. लांब ओळीत सगळ्यांनी एकाच जागी श्वास घ्यायचा नाही, शेजाऱ्याने घेतला की आपण धरून ठेवायचं आणि आपण घेऊ तेव्हा त्याने धरायचं, हेही तसंच. या गोष्टींना ना राग लागतो ना धर्म. भजनाला, चर्चमधल्या मोतेताला, राष्ट्रगीताला त्या सारख्याच लागू पडतात.

मला ही मागणी सगळ्यात जास्त तळमळीने करावीशी वाटते ती शाळेतल्या मुलांसाठी. आपल्याकडे समूहगीत बसवताना शिक्षक एक पट्टी धरतो, बहुधा काळी एक किंवा दोन. मुलींना ती खाली पडते, त्या गुणगुणल्यासारखं गातात. आठवी-नववीच्या मुलांचे आवाज त्याच सुमारास फुटत असतात, त्यांना वरचा सा जमत नाही. पट्टी वर न्यावी तर मुलगे ओरडतात, खाली घ्यावी तर मुली गप्प होतात. मग स्पर्धा जवळ आली की शिक्षक एखाद्या मुलाला सांगतो, तू नुसते ओठ हलव. हे वाक्य गोव्यातल्या किती वर्गांत बोललं गेलं असेल याचा विचार केला की मला वाईट वाटतं. आवाज फुटण्याच्या वयात ज्याला ओठ हलवायला सांगितलं, तो पुढे क्वचितच गायला उभा राहतो. आपल्याला गाणं येत नाही अशी त्याची कायमची समजूत होते.

या मुलाचं काय करायचं हे समूहगायनाच्या शास्त्राने फार पूर्वी ठरवलेलं आहे. फुटलेल्या आवाजात चार-पाच स्वर शाबूत असतात. ते कोणते हे शिक्षकाने शोधायचं आणि त्या मुलासाठी तेवढ्याच स्वरांची ओळ लिहायची. मुली वर मूळ चाल गातील, हा मुलगा खाली सा आणि मंद्र पंचम धरून ठेवील, आणि गाण्याला त्याच्यामुळे जमीन मिळेल. वेगवेगळ्या आवाजांना वेगवेगळ्या ओळी देण्याची पद्धत कानाला गोड लागते म्हणून चांगली आहेच. मला ती न्यायाची वाटते, कारण तीत प्रत्येकाला आपल्या गळ्याला झेपेल ती जागा मिळते. पण अशी ओळ लिहायला, ती वर्गात बसवायला आणि दोन ओळी एकमेकींत मिसळू न देता चालवायला शिक्षकाला शिकावं लागतं. संगीत विशारद होऊनही हे येत नाही, कारण विशारदच्या अभ्यासक्रमाचा सगळा भर एकट्याने गाण्यावर असतो. मी स्वतः त्याच वाटेने आले आहे.

आता गोव्याविषयी. सोळाव्या शतकापासून इथल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना सोल्फेज शिकवलं गेलं, व्हायोलिन हाती दिलं गेलं. गावचा मेस्त हाच त्या गावचा संगीत शिक्षक आणि कॉयरचा प्रमुख असे. मुंबईतले वाद्यवृंद, सिनेमाच्या स्टुडिओतले व्हायोलिनवादक, पोलिसांचे बँड यांना गोव्याने माणसं पुरवली ती या मेस्तांच्या जिवावर. विसाव्या शतकात ही घडी हळूहळू विस्कटली. १९५२ मध्ये आंतोनियु फॉर्तुनातु द फिगेरेदु यांनी संगीताची अकादमी काढली, पुढे कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागाने ते काम चालवलं, फादर लोर्दिनो बार्रेतो यांनी तिथे कॉयर घडवलं. ही मोठी कामं आहेत. तरी गावागावात तयार मेस्त असण्याची जी सोय होती, तिची जागा शहरातली संस्था कितीही चांगली असली तरी भरून काढू शकत नाही.

देवळाच्या बाजूला चित्र वेगळं दिसतं, अडचण मात्र तीच आहे. भजनी मंडळं जोरात आहेत. वास्कोत दामोदर देवस्थानाचा सप्ताह चोवीस तास अखंड चालतो, कला अकादमीच्या भजन स्पर्धेला गावोगावची मंडळं उतरतात, त्यांत बायकांची आणि मुलांचीही असतात. पण बुवा गेले की मंडळ बसतं हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यांच्यामागे गाणारे दहा असतात, पण मंडळ चालवण्याचं शिक्षण त्यांतल्या एकालाही मिळालेलं नसतं. बुवांनी ते जाणूनबुजून राखून ठेवलं असं नाही. ते शिकवायचं असतं हेच कुणाच्या लक्षात आलेलं नसतं.

हे दोन्ही प्रवाह एका खोलीत आले तर काय होईल याची मला फार उत्सुकता आहे. भजनी मंडळाच्या माणसाला अभंग तोंडपाठ असतो, त्याची नजर मोकळी असते. कॉयरच्या माणसाला समोरचा कागद वाचून नवी रचना तासाभरात उभी करता येते, पण त्याचे डोळे कागदावरून हलत नाहीत. संचालकाला हव्या असतात दोन्ही गोष्टी, लवकर वाचणारे गायक आणि वर बघणारे गायक. एकाने दुसऱ्याला शिकवावं अशी इतकी नेमकी वाटणी दुसरीकडे कुठे सहज मिळणार नाही. आणि हे दोघे एकमेकांना अगदी परके तरी कुठे आहेत? घुमट हे मडक्याला कातडं ताणून केलेलं वाद्य चवथीच्या आरतीतही वाजतं आणि मांडोतही. १६१६ मध्ये राशोलला छापलेलं फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांमध्ये आहे. गोव्याने २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. त्याभोवती बसून गाणाऱ्या दोन्ही समाजांना एकत्र शिकवण्याची व्यवस्था हा त्याचा पुढचा टप्पा व्हायला हवा.

याला होणारा सगळ्यात गंभीर विरोध संगीतातूनच येतो, आणि तो मला टाळायचा नाही. आपल्या संगीतात एका वेळी एकच ओळ चालते, मागे षड्ज-पंचम (सा-प) असतो. तिला दुसरी ओळ जोडली तर राग मोडतो, असं आमचे गुरुजन सांगतात. अर्धं खरं आहे. भूप राग घ्या. सा रे ग प ध एवढेच स्वर. मांडोत जशी दुसरी ओळ तिसऱ्या स्वराच्या अंतराने चालते तशी भूपात चालवली, तर रिषभाच्या (रे) वर मध्यम (म) येतो आणि भूप तिथेच संपतो. कुणी तरी पाश्चात्त्य पद्धत जशीच्या तशी अभंगावर लावतं तेव्हा हेच होतं, आणि ते कानाला बोचतं. पण रागातले स्वर न सोडता दुसरी ओळ बांधता येते. भूपात साच्या वर ग, रेच्या वर प, गच्या वर ध अशी जोडी लावली तर अंतरं कमीजास्त होतात, परका स्वर मात्र एकही येत नाही. यासाठी डोकं चालवावं लागतं, राग कळावा लागतो. म्हणूनच हे काम रागसंगीत न शिकलेल्यांवर सोडून देऊ नये. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत राग आणि सिंफनी वाद्यवृंद यांना एकत्र आणायचं धाडस केलं. त्यांच्याच गोव्यात हा प्रश्न अजून 'जमणार नाही' या उत्तरावर अडकून पडावा हे बरं नव्हे.

आणखी एक गोष्ट गुरुजनांनी ऐकावी अशी आहे. तानपुरा नीट जुळला की त्यातून न छेडलेला स्वयंभू गांधार (ग) ऐकू येतो. हार्मोनियमचा गांधार त्याच्यापेक्षा चढा असतो. दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भागांनी. साथीशिवाय गाणारं चांगलं कॉयर जेव्हा सा-ग-प एकत्र लावतं तेव्हा ते पेटीचा गांधार सोडून तानपुऱ्याचा गांधार शोधत असतं, कारण तिथेच तिन्ही आवाज एकमेकांत विरघळतात. म्हणजे तानपुऱ्यावर वाढलेला कान कॉयरला हवाच आहे. आम्हा शास्त्रीय गाणाऱ्यांना इथे पाहुणे म्हणून बोलावलेलं नाही, इथे आमची गरज आहे. उलट भजनाच्या प्रत्येक सरावात पेटी इतकी मोठ्याने वाजते आणि प्रत्येकाच्या तोंडापुढे माईक इतका जवळ असतो की शेजाऱ्याचा स्वर ऐकायची सवयच मोडते. कार्यशाळेत पहिले दोन दिवस पेटी आणि माईक बंद ठेवले, तरी पुष्कळांना आपला आवाज नव्याने ऐकू येईल.

पण कार्यशाळा म्हटलं की जे आपल्याकडे होतं, तेही बोललं पाहिजे. एका कार्यशाळेत मी हे भोगलं आहे. बाहेरून मोठे पाहुणे आले, ते खरंच मोठे होते. शेवटी समारोपाचा कार्यक्रम ठरलेला, त्याला मान्यवर येणार. त्यामुळे निम्म्याहून जास्त वेळ त्या कार्यक्रमाची गाणी घोटण्यात, रांगा लावण्यात आणि साड्यांचा रंग ठरवण्यात गेला. शिकायला आलेल्या संचालकांना समूहापुढे उभं राहायला जेमतेम एकेक संधी मिळाली, आणि समारोपाला हात पाहुण्यांनीच उचलला. कार्यक्रम सुंदर झाला, फोटो आले, आणि गावोगावची मंडळं होती तिथेच राहिली. शिकाऊंनी चुकत माकत घेतलेली दोन गाणी त्या दिवशी ऐकवली असती, तर श्रोत्यांची थोडी निराशा झाली असती, पण पुढच्या वर्षी दहा गावांत दहा माणसं कामाला लागली असती.

हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांनी हे फार रोखठोक मांडलं होतं. बुदापेस्टच्या ऑपेराचा संचालक कोण आहे यापेक्षा किश्वार्दासारख्या लहान गावात गाण्याचा मास्तर कोण आहे हे जास्त महत्त्वाचं, असं त्यांचं म्हणणं. ऑपेराचा संचालक नालायक निघाला तर त्याला काढता येतं, पण वाईट मास्तर तीस वर्षं तीस वर्गांच्या मनातलं गाणं मारत राहतो. आपल्या देशातही संगीतकार एम. बी. श्रीनिवासन यांनी मद्रास युथ कॉयर उभं करताना भारतीय भाषांतली गाणी समूहासाठी बांधली, आणि शाळांमधल्या सामुदायिक गायनासाठी शिक्षकांना शिकवण्यावर आपली शक्ती लावली. एका शिक्षकामागे शेकडो मुलं येतात हा त्यांचा हिशोब होता.

एस्टोनियाचं उदाहरण मी मुद्दाम देते, कारण तो देश लोकसंख्येने आपल्याएवढाच आहे, तेरा-चौदा लाखांचा. २०११ च्या जनगणनेत गोवा साडेचौदा लाखांचा होता. तिथे १८६९ पासून गाण्याचा महोत्सव भरतो आणि आज त्यात वीस-तीस हजार माणसं एकत्र गातात. बाहेरच्यांना तो मैदानावरचा सोहळा दिसतो. पण गावोगावच्या कॉयरच्या संचालकाने तीच गाणी आपल्या लोकांकडून महिनोन् महिने आधी बसवून घेतलेली असतात, आणि असे संचालक शेकड्याने तयार असतात म्हणून तो सोहळा उभा राहतो. आपण महोत्सव भरवायला शिकलो आहोत. मंडप, दिवे, पाहुणे, ध्वनियंत्रणा यांवर खर्च करताना आपला हात आखडत नाही. त्यातला अगदी थोडा वाटा या माणसांवर खर्च व्हावा एवढंच मागणं आहे.

खर्च म्हणाल तर वातानुकूलित सभागृह नको. उंच छताची एखादी जुनी शाळा, पंखे, दुपारची शीतकडी (भात-कालवण), तीन-चार चांगले शिक्षक आणि गाण्यांच्या प्रती पुरेत. निम्म्या जागा गाऊन घेणाऱ्यांसाठी राखून ठेवाव्यात, त्यांतही बायकांना पुढे आणावं, कारण महिला मंडळं वाढली तरी त्यांना शिकवायला बोलावले जातात ते बुवाच. आणि कार्यशाळेत आलेल्या प्रत्येक संचालकाच्या गावी वर्षातून एकदा तरी कुणीतरी जाऊन त्याचा सराव बघावा, नाहीतर दहा दिवसांत उघडलेले कान पावसाळ्यापर्यंत पुन्हा बंद होतात.

वेळेचा प्रश्न मात्र खरा आहे. २०२५ मध्ये सहावी ते दहावी आणि बारावीचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालं, तेव्हा शिक्षकांना मोकळा उरतो तो मे महिना, आणि त्यात लग्नं, जत्रा, नाटकं सगळंच येतं. म्हणून तारखा जानेवारीतच जाहीर व्हायला हव्यात. शिक्षकांनी सुट्टीतले दहा दिवस का द्यावेत याचं उत्तरही सरकारच्या हातात आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा केली आहे. रोज पाच तास धरले तर दहा दिवसांच्या या कार्यशाळेचे बरोबर ५० तास होतात. शिक्षण खात्याने ते त्यात धरावेत, एवढं एक परिपत्रक निघालं तरी पहिल्याच वर्षी शाळांतले संगीत शिक्षक यादीत नाव घालायला रांग लावतील, आणि भजनी मंडळांना व चर्चच्या कॉयरना पत्रं पाठवायचं काम आम्ही आनंदाने करू.